घरून ऑफिसचा संगणक : अडलं कुठे, ते आधी पाहा



महिन्याची २० तारीख, जीएसटीचं ३बी विवरणपत्र भरायचा शेवटचा दिवस. रात्रीचे नऊ वाजलेत. हिशेब टॅलीत, टॅली ऑफिसच्या संगणकावर आणि अकाउंटंटबाई घरी. त्या आयटीवाल्याला फोन करतात, "अहो, व्हीपीएन चालत नाहीये."

या एका वाक्यात पाच-सहा वेगवेगळे बिघाड दडलेले असू शकतात. म्हणून आज माझा आग्रह एकाच गोष्टीचा आहे. कुठल्याही सेटिंगला हात लावण्याआधी आपण कुठवर पोचलो आणि कुठे अडलो, ते ठरवा.

व्हीपीएन आपल्याला कूटबद्ध मार्गाने ऑफिसच्या नेटवर्कमध्ये नेतं, बस्स. तिथून टेबलावरचा संगणक गाठून देतो तो रिमोट डेस्कटॉप. हे दोन टप्पे वेगळे तपासायचे.

व्हीपीएनच जोडलं जात नसेल, तर मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून लावून पाहा. तिथे लागलं, तर ऑफिसची बाजू ठीक आहे; दोष घरच्या राउटरमध्ये किंवा ब्रॉडबँडवाल्याकडे शोधा. ॲपमधला ओटीपी नाकारला जात असेल, तर फोनचं घड्याळ पाहा. तो आकडा वेळेवरून तयार होतो आणि बहुधा दर ३० सेकंदांनी बदलतो. घड्याळ काही मिनिटं मागे असलं, तरी खरा माणूस बाहेर राहतो.

व्हीपीएन जोडलं गेलं, पण संगणक सापडत नाही? मग आधी विचारा, तो चालू तरी आहे का? दुपारी लाइट गेली असेल, तर परत आल्यावर अनेक संगणक आपोआप सुरू होत नाहीत. बहुतेकांच्या बायोसमध्ये त्याची सोय असते; ती एकदा करून ठेवावी. संगणक झोपी जाण्याची सेटिंगही बंद करावी.

चालू असेल, तर नावाऐवजी आयपी पत्ता टाकून पाहा. पत्त्याने लागलं आणि नावाने नाही, तर दोष नावावरून पत्ता शोधून देणाऱ्या डीएनएसचा. पिंगला उत्तर आलं नाही म्हणून लगेच निराश होऊ नका. विंडोजचा फायरवॉल अनेकदा पिंग अडवतो आणि रिमोट डेस्कटॉप मात्र चालू असतो. त्याचा ३३८९ हा पोर्ट उत्तर देतो का, ते तपासा.

सर्वांत चकवणारा बिघाड पत्त्यांचा. १९२.१६८ने सुरू होणारे पत्ते खासगी नेटवर्कसाठी राखून ठेवलेले आहेत. ते कुणीही वापरावेत. त्यामुळे घरचा राउटर १९२.१६८.१ मालिकेतला आणि ऑफिसचाही तोच, असं सर्रास घडतं. दोन गावांत एकाच नावाची आळी असावी, तसं हे. ऑफिसचा संगणक १९२.१६८.१.२० वर असतो. घरच्या संगणकाला वाटतं, हा तर आपल्याच घरातला. मग तो निरोप व्हीपीएनमध्ये पाठवतच नाही. घरच्या राउटरची मालिका बदलली की त्या घरापुरतं काम भागतं. कायमचा उपाय म्हणजे ऑफिसनेच सहसा न आढळणारी मालिका घेणं.

आणि लॉगिन होऊन पडदा काळाच राहत असेल, तर एमटीयू, म्हणजे पॅकेटच्या आकाराची कमाल मर्यादा, तपासा. साध्या जाळ्यावर एक पॅकेट १५०० बाइटांपर्यंत असतं. व्हीपीएन त्यावर आपलं वेष्टण चढवतं. छोटी पॅकेटं जातात, मोठी अडकतात. एमटीयू १४००च्या खाली आणून पाहावा.

हा क्रम सोडला की घाईत एक घातक सल्ला मिळतो : "राउटरवर ३३८९ उघडून टाका, व्हीपीएनची कटकटच नको." हे कदापि करू नका. मे २०१९मध्ये रिमोट डेस्कटॉपमधली ब्लूकीप ही त्रुटी जाहीर झाली. ती इतकी गंभीर होती की मायक्रोसॉफ्टने २०१४मध्येच आधार काढून घेतलेल्या विंडोज एक्सपीसाठीही दुरुस्ती दिली. व्हीपीएन असूनही हयगय महागात पडते. २०२१मध्ये अमेरिकेतल्या कलोनियल पाइपलाइनमध्ये हल्लेखोर शिरले ते वापरात नसलेल्या एका व्हीपीएन खात्यातून, आणि त्या खात्याला पासवर्डाखेरीज दुसरी पडताळणीच नव्हती. कंपनीला इंधनवाहिनी काही दिवस बंद ठेवावी लागली.

म्हणून प्रत्येक ऑफिसने, मग ते चार माणसांचं का असेना, तीन कामं करावीत. तपासणीचा हा क्रम मराठीत एका कागदावर लिहून प्रत्येकाला द्यावा. पासवर्डाबरोबर दुसरी पडताळणी सक्तीची करावी. नोकरी सोडणाऱ्याचं खातं त्याच दिवशी बंद करावं. यातल्या एकाही कामाला मोठा खर्च नाही, आणि आयटीवाला नसलेल्या ऑफिसलाही ती जमण्यासारखी आहेत.