भाड्याचे ट्रेलर : काही आठवणी



लग्नसराईत मोठाली पातेली नि पराती भाड्याने देणारा दुकानदार आपण सर्वांनी पाहिला आहे. नेताना तो भांडी मोजून देतो आणि परत आली की पोचा कोठे पडला ते हात फिरवून पाहतो. अमेरिकेत, न्यू जर्सी राज्यात, १९८४ पासून नऊ वर्षे मी हेच काम केले. माझे पातेले मात्र ४८ फूट लांब होते!

तिकडे मालमोटारीचे दोन भाग असतात. पुढे इंजिनाची गाडी, मागे चाकांवरची पेटी, म्हणजे ट्रेलर. भरलेली पेटी व्यापाऱ्याच्या दारात तिच्या पुढच्या दोन पायांवर उभी करून ड्रायव्हर दुसरी जोडून निघून जातो. म्हणून इंजिनांपेक्षा पेट्या जास्त लागतात. नाताळापूर्वी त्या कितीही असोत, अपुऱ्याच; जानेवारीत त्याच धूळ खात पडतात. मग विकत कोण घेणार? शिवाय १९८२ च्या कायद्याने मोठ्या महामार्गांवर ४८ फुटी पेट्या सर्व राज्यांत खुल्या झाल्या आणि ४५ फुटी पेट्यांकडे गिऱ्हाईक पाठ फिरवू लागले. भाडेकऱ्याचे काय गेले? भुर्दंड मालकाला.

छपराची तपासणी मोठी मौजेची असे. आपण पेटीत शिरायचे, सोबत्याने बाहेरून दारे लावायची आणि काळोखात वर पाहत राहायचे. जेथे उजेडाचा ठिपका दिसेल तेथून पाऊस आत येणार. पेटी जाताना एकदा, परत येताना एकदा. दोन्ही वेळा चिठ्ठीवर दोघांच्या सह्या.

१९८८ च्या डिसेंबरात फाटकाशी गाड्यांची रांग लागली होती, थंडीने बोटे वळत नव्हती. मी आत न शिरताच 'छप्पर ठीक' असे लिहिले. जानेवारीत ती पेटी परत आली. कोपऱ्यात हातभर चीर, आणि तिच्या कडांना जुन्या डांबरी लेपाचे पापुद्रे. चीर आमच्याच घरची होती! त्या गृहस्थाजवळ स्वतःची एकच इंजिनगाडी. कागदाची रिळे भिजली, ती भरपाई त्याने आधीच केली होती. वर छपराचा खर्चही त्याच्याच माथी येत होता.

मी साहेबांना सांगितले, "चूक माझी आहे." ते म्हणाले, "त्याची सही आहे ना?" तेव्हा परतीच्या चिठ्ठीवर मी लिहून टाकले : चीर जुनी, जाताना तपासली नव्हती. तेवढ्यावर छपराचे बिल रद्द झाले. भिजलेल्या कागदाचे पैसे मात्र त्याला कोणी दिले नाहीत. मीही दिले नाहीत. मुलांच्या फीचे कारण मी स्वतःला दिले. ते खोटे नव्हते, पण पुरेसेही नव्हते.

पुढच्या हिवाळ्यात तो पुन्हा आला. मी चिठ्ठी पुढे केली, तर ती न घेता तो पेटीत चढला आणि म्हणाला, "दारे लाव." मी दारे लावली आणि त्याची हाक येईपर्यंत बाहेर थंडीत उभा राहिलो.