पडद्यावरचा सैनिक आणि सीमेवरचा सैनिक

(छत्रपती संभाजीनगरमधील उस्मानपुरा येथे पालक व कार्यकर्त्यांसमोर झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



मागील आठवड्यात एका परिचितांच्या घरी गेलो होतो. त्यांचा नववीतील मुलगा मोबाइलवर लढाईचा खेळ खेळण्यात गढून गेला होता. मी त्याला चार बंदुकांची नावे विचारली. त्याने अकरा सांगितली. मग विचारले, "नाईक आणि सुभेदार यांपैकी मोठा हुद्दा कोणाचा?" तो गप्प राहिला. मी त्याला दोष देत नाही. बंदुकीची जाहिरात होते, हुद्द्याची होत नाही.

या जाहिरातींचा इतिहास उद्बोधक आहे. ४ जुलै २००२ रोजी, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, तेथील लष्कराने 'अमेरिकाज आर्मी' हा खेळ विनामूल्य उपलब्ध करून दिला. तरुणांनी सैन्यात यावे, हा त्याचा उघड हेतू होता. त्यातील युक्ती पाहा. दोन्ही बाजूंच्या खेळाडूंना आपण अमेरिकी सैनिक आहोत असेच दिसे. शत्रू नेहमी समोरचा! हा खेळ २०२२ मध्ये बंद झाला. २०१० मध्ये 'कॉल ऑफ ड्यूटी'च्या जाहिरातीत आचारी, कचेरीतील कर्मचारी अशी साधी माणसे हसतमुखाने गोळ्या झाडताना दाखवली होती. प्रत्येकात एक सैनिक दडलेला आहे, असा तिचा आशय होता. तो सैनिक जागा होण्यास प्रशिक्षण लागते, शिस्त लागते, घरदार सोडावे लागते, याचा मात्र तीत मागमूस नव्हता.

हे परदेशातले झाले. आता आपल्याकडे वळू. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र शासनाने पबजीसह ११८ अॅपवर बंदी घातली. ती देशाच्या सुरक्षिततेसाठी आणि नागरिकांच्या माहितीच्या रक्षणासाठी होती. अनेक पालकांना मात्र ती हिंसक खेळावरील बंदी वाटली. पुढे २०२१ मध्ये तोच खेळ नावात 'इंडिया' हा शब्द घेऊन परतला, २०२२ मध्ये पुन्हा हटवला गेला आणि २०२३ मध्ये पुन्हा आला. नाव पालटले, खेळाचा गाभा तोच राहिला.

बंदीनंतर दोनच दिवसांनी 'फौजी' या स्वदेशी खेळाची घोषणा झाली. निव्वळ उत्पन्नाचा वीस टक्के वाटा 'भारत के वीर' न्यासाला देण्याचे आश्वासन होते आणि प्रकाशनासाठी २६ जानेवारी २०२१ हा मुहूर्त निवडला होता. कथानक गलवानचे होते. १५ जून २०२० च्या रात्री तेथे आपले वीस जवान धारातीर्थी पडले. त्या संघर्षात गोळी झाडली गेली नव्हती. करारातील बंधन पाळून आपले जवान शत्रूशी समोरासमोर झुंजले. म्हणून खेळातही आरंभी बंदूक नव्हती. मग काय झाले? बंदुकाच नाहीत, अशी तक्रार अनेक खेळाडूंनी केली! ज्या संयमामुळे गलवानचा पराक्रम अलौकिक ठरला, तोच त्यांना उणीव वाटला. जाहिरातींनी घडवलेली दृष्टी ती हीच.

पण मुलांना हसण्यापूर्वी आपण स्वतःकडे पाहावे. खेळावर तिरंगा दिसला की आपण निश्चिंत होतो. वेष्टनावरील ध्वज पाहून आतील वस्तूची पारख सोडून देणे, ही देशभक्ती नव्हे. मोठ्यांचीही फसगत होते. २०२१ मध्ये पंजशीरमधील हल्ला म्हणून आपल्याच काही वृत्तवाहिन्यांनी 'आर्मा ३' या खेळातील दृश्ये दाखवली होती. खेळ आणि युद्ध यांतील भेद जाणत्यांना कळेनासा झाला, तर चौदा वर्षांच्या मुलाकडून कोणती अपेक्षा करावी?

खरा सैनिक कसा घडतो, हे पाहण्यास आपल्याला दूर जावे लागत नाही. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या प्रवेशासाठी मुलांना घडवणारी राज्य शासनाची सर्व्हिसेस प्रिपरेटरी इन्स्टिट्यूट १९७७ पासून याच शहरात आहे. लेखी परीक्षेनंतर उमेदवाराला निवड मंडळासमोर पाच दिवस परीक्षा द्यावी लागते. मानसशास्त्रीय चाचण्या, गटकार्ये, मुलाखत असे त्याचे स्वरूप असते. त्या पाच दिवसांत एकही गोळी झाडायला सांगत नाहीत! हा तरुण सहकाऱ्याला मदत करतो का, अडचणीत डोके शांत ठेवतो का, जबाबदारी घेतो का, हे पाहतात. सैन्याला प्रथम माणूस हवा असतो. नेमबाजी ते मागाहून शिकवते.

म्हणून माझी विनंती साधी आहे. मोबाइल हिसकावून घेऊ नका. एकदा मुलाशेजारी बसून त्या खेळाची जाहिरात त्याच्यासह पाहा आणि विचारा, "यात जखमी जवानाला उचलून नेणारा कोण आहे? रात्रभर पहारा देणारा कुठे आहे? घरी वाट पाहणारी आई कुठे आहे?" मराठवाड्यात गावोगावी निवृत्त जवान आहेत. येत्या ७ डिसेंबरला, सशस्त्र सेना ध्वजदिनी, त्यांपैकी एकाला आपल्या वस्तीत बोलवा. मुलांना त्यांच्यासमोर बसवा. ते बंदुकीविषयी थोडे बोलतील आणि सोबत्यांविषयी पुष्कळ बोलतील. पडद्यावरचा सैनिक मेला की पुढच्या डावात पुन्हा उभा राहतो. सीमेवरचा राहत नाही. एवढे मुलांना उमगले, तरी त्या वीस जणांचे थोडे ऋण फेडल्यासारखे होईल.