आपली बाकी, आपल्या हातात

पंचसूत्रीत नियमित नोंदी आहेत. दप्तर सचिवताई लिहितात. पण आपली बाकी आपल्यालाही तोंडपाठ हवी ना?

एक ए-फोर कागद घ्या. एका बाजूनं वापरलेला चालेल, ती बाजू आत जाते. तीनदा निम्मा दुमडून उघडा. आठ चौकोन दिसतील. मग आखूड कडा जुळवून दुमडा. घडीकडून मधल्या रेषेवर अर्ध्यापर्यंतच कापा. उघडा, कोरी बाजू बाहेर ठेवून लांब कडा जुळवा आणि दोन्ही टोकं आत ढकला. फट उघडते, पानं जुळतात. आठ पानांची वही झाली. ना डिंक, ना टाचणी!

वर नाव, आतली सहा पानं सहा महिन्यांची. बचत, हप्ता, व्याज, बाकी लिहा. समजा कर्ज ५,००० रुपये, व्याज महिना १ टक्का. ५५० भरले, तर व्याज ५०, मुद्दल ५००, बाकी ४,५००. पुढच्या महिन्यात व्याज ४५च. दप्तरात ५० दिसले तर बैठकीतच विचारा. विचारणं म्हणजे भांडण नव्हे.

लिहिता येत नसेल तर लेकीकडून लिहून घ्या. वही मात्र आपल्याच बटव्यात ठेवा.