खाडीचें ऋण



धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवाच्या मंगल प्रसंगीं आम्ही चिखलाविषयीं बोलण्यास उभे राहिलों आहों, ह्याचें आपणांस नवल वाटेल. परंतु ज्या खाडीच्या कांठीं आपले पूर्वज मिठागरें, भातशेती व मासेमारी ह्यांवर नांदले, तिचें ऋण आज विसरणें आम्हांस योग्य वाटत नाहीं.

तिवरांचें रान म्हणून आपण ज्यास हिणवितों, ती सृष्टिकर्त्याची अद्भुत योजना होय. तिवराचीं मुळें चिखलांतून वर येऊन श्वास घेतात. कांदळाचें बीज झाडावर असतांनाच अंकुरतें. ह्या मुळांच्या आश्रयानें कोळंबी व माशांचीं पिल्लें वाढतात, आणि लाटांचा जोर मोडतो. मुंबई उच्च न्यायालयानें २००५ सालीं ह्या झाडांच्या तोडीस बंदी केली. पोप फ्रान्सिस ह्यांनीं २०१५ सालच्या ‘लाउदातो सी’ ह्या परिपत्रांत अशा रानांच्या नाशाबद्दल चिंता व्यक्त केली. ठाण्याची खाडी २०२२ सालीं रामसर यादींत आली.

तथापि मुळांस गुंडाळलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या कोणी काढावयाच्या? श्वासमुळें झांकलीं गेलीं कीं झाड गुदमरतें. म्हणून आपल्या तरुणांसह आम्ही ओहोटीच्या वेळीं चिखलांत उतरलों.

उत्साहाच्या भरांत आमच्या हातून एक चूक घडली, ती येथें कबूल करितों. खाडीकडील उघड्या चिखलावर आम्हीं रोपें लाविलीं; तीं बहुतेक मेलीं. एका वृद्ध कोळी बांधवानें सांगितलें, “फादर, तिथं भरतीचं पाणी फार वेळ उभं राहतं. आणि ती जागा पाखरांच्या चरण्याची.” आम्ही खजील झालों. पुढें त्यांच्याच सल्ल्यानें, वनखात्याची परवानगी घेऊन, भरावानें बुजलेली पाण्याची एक जुनी वाट आम्हीं मोकळी केली. भरतीबरोबर पाणी आंत आलें, आणि पाण्याबरोबर बीजेंही आलीं. आज तेथें कोणींही न लाविलेलीं रोपें उभीं आहेत.

बंधुभगिनींनो, आम्हीं काढलेल्या पिशव्यांपैकीं कित्येक आपल्याच घरांतून नाल्यावाटे तेथें गेल्या होत्या. ह्यास्तव आमची दोनच मागणीं आहेत: नाल्यांत कचरा टाकूं नये, आणि प्रत्येक कुटुंबानें महिन्यांतील एक ओहोटी खाडीस द्यावी. महोत्सवाचे दिवे विझतील. आपल्या नातवंडांस मात्र ही खाडी जिवंत मिळावी, एवढें देवाजवळ मागून आम्ही आपली रजा घेतों.