निकाल नसलेली स्पर्धा : काठीच्या होळीतला ढोल

 

आपल्या गटाच्या बैठकीत कर्ज, हप्ता आणि व्याज यांच्याबद्दल नेहमी बोलणं होतं. आज मी ढोलाबद्दल बोलणार आहे. ऐकाल तर कळेल की शेवटी हाही विषय आपल्या पैशापर्यंत आणि आपल्या ग्रामसभेपर्यंत येतो.

अक्कलकुवा तालुक्यातलं काठी गाव सगळ्यांना माहीत आहे. इंग्रजांच्या काळात खानदेशात सहा मेवासी संस्थानं होती : चिखली, नाला, नवलपूर, गव्हाळी, सिंगपूर आणि काठी. संस्थानं गेली, पण काठीची राजवाडी होळी राहिली. ती 1246 सालापासून चालत आल्याचं जुनी माणसं सांगतात. आपला नंदुरबार जिल्हा 1 जुलै 1998 ला झाला. म्हणजे जिल्ह्याच्या कितीतरी आधीपासून ही होळी आहे.

होळीसाठी जंगलातून उंच बांबू आणतात. त्याचा खड्डा अवजाराने नाही, हाताने कोरतात. व्रत धरणारे, म्हणजे पालनी करणारे, त्या दिवसांत खाटेवर झोपत नाहीत आणि पायात काही घालत नाहीत. अंगावर राख आणि ठिपके, डोक्यावर मोरपिसांचा टोप, कमरेला घुंगरू आणि वाळलेले दुधी बांधून बावा, बुध्या निघतात. गावोगावचे ढोल रात्री एकत्र येतात आणि पहाटे होळी पेटते.

ही एक स्पर्धाच असते. आपल्या गावाचा ढोल जास्त घुमावा, आपली रांग जास्त वेळ नाचावी, अशी प्रत्येकाची ईर्षा असते. ढोल सैल पडला की जाळाजवळ धरून चामडं तापवतात आणि पुन्हा वाजवतात. इथे परीक्षक बसत नाहीत. कोण चांगलं वाजवतं हे नाचणाऱ्यांच्या पायांना कळतं. पोरगं बापाशेजारी उभं राहून हात शिकतं, मुलगी आईच्या रांगेत पाय शिकते. रात्रभराची हीच शाळा.

आता आपली पथकं शहरात, मंचावरच्या स्पर्धांनाही जातात. त्यात वाईट काही नाही. मान मिळतो, चार लोक ओळखतात. पण मंचावर थोडाच वेळ मिळतो. मग पथक चटकदार तेवढं निवडतं, आणि रात्रभर चालणारे सावकाश ताल मागे पडतात. बाकी वर्षभर ते ताल कुठे वाजणार? लग्नात. आणि लग्नात आज डीजे आला आहे.

डीजेला दिलेला पैसा गावाबाहेर जातो. ढोलवाल्याला दिला तर तो शेजारच्या पाड्यावर राहतो. लग्नासाठी गटातून कर्ज घेताना हा हिशेब आपण मांडायला हवा. सावकाश नाचणाऱ्या म्हाताऱ्या आजीला डीजेपुढे जागा नसते, ढोलापुढे असते. हाही हिशेबच आहे.

यात कायदा आपल्या बाजूने आहे. अक्कलकुवा, धडगाव, तळोदा, नवापूर हे तालुके अनुसूचित क्षेत्रात आहेत, शहादा आणि नंदुरबारचा काही भागही आहे. 1996 चा पेसा कायदा सांगतो की लोकांच्या परंपरा, रूढी आणि सांस्कृतिक ओळख जपायला ग्रामसभा सक्षम आहे. आणि महाराष्ट्रात ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची असते. म्हणजे हा विषय आधी आपण बोलू शकतो.

तीन गोष्टी करून पाहा. पाड्यावर किती ढोल, मांदल, पावरी शिल्लक आहेत आणि कोण वाजवतं, याची यादी गटाच्या वहीत लिहा. जुन्या बायांना येणारी गाणी त्यांना विचारून मोबाईलवर भरून ठेवा. आणि पुढच्या महिला सभेत ठराव मांडा की गावच्या लग्नात आधी गावचा ढोल बोलवावा. कुणावर सक्ती नको, समजावून सांगू.

काठीच्या होळीत कुणी पहिला नंबर देत नाही, तरी गावं दरवर्षी येतात. कारण आपला ढोल आला नाही तर ते सगळ्यांना कळतं. तुमच्या गावाचा ढोल पुढच्या होळीला कोण वाजवणार आहे, हे आज संध्याकाळी घरी विचारा.

आप की जय.