पाठीतील पाणी आणि ध्वनीचे साह्य

तान्ह्या मुलास ताप भरावा, टाळू फुगावी, दूध तोंडी धरवेनासे व्हावे आणि डॉक्टरांनी ‘पाठीतले पाणी तपासले पाहिजे’ असे म्हणावे, की आईबापांच्या काळजात धस्स होते. सुईने मूल पांगळे होईल, ही भीती जुनी आहे. परंतु तिच्यापायी नकार दिला, तर मेंदूज्वराचे निदान लांबते. आणि त्याची किंमत मुलाला बहिरेपणाने, कधी प्राणानेही द्यावी लागते.

ही परीक्षा १८९१ साली जर्मनीतील कील येथे हाइन्रिख क्विंके यांनी पुढे आणली. मज्जारज्जू कमरेच्या वरच्या भागातच संपतो; त्याखाली द्रवाची पिशवी व मज्जातंतूंचा झुबका तेवढा असतो. सुई घालतात ती तेथे. म्हणून मज्जारज्जूस इजा होण्याचा संभव अत्यल्प. अडचण निराळीच आहे. तान्ह्याची पाठ इवलीशी, मूल वळवळणारे, आणि जागा बोटांनी चाचपून ठरवावयाची! सुई किंचित चुकली, तरी द्रवात रक्त मिसळते व परीक्षेचा अर्थ लावणे कठीण होते. रक्ताच्या कर्करोगात तर मुलांना औषधही याच वाटेने वारंवार द्यावे लागते.

येथे श्राव्यातीत ध्वनिलहरी, म्हणजे सोनोग्राफी, साह्यास येते. नवजात मुलाच्या मणक्यांचा मागील भाग बराचसा कूर्चेचा असल्याने ध्वनी आत शिरतो. पडद्यावर मज्जारज्जूचे टोक, द्रवाची जागा व तिची खोली दिसते. त्यावरून पाठीवर खूण करता येते. मूल वाढते, हाड घट्ट होते, तशी ही खिडकी लहान होत जाते. काही अभ्यासांत या रीतीने पहिल्याच प्रयत्नात अधिक यश आले, काहींत फरक दिसला नाही. तेव्हा यंत्राइतकेच हाताच्या सरावालाही महत्त्व आहे. आणि यंत्राची वाट पाहत औषध थांबविणे तर सर्वथा अयोग्य.

हुबळी-धारवाडच्या मध्ये वसलेल्या नवनगरात कानडीबरोबर मराठीही कानी पडते. मज्जारज्जू कोठे संपतो व सुई कोठे जाणार, हे पडद्यावर दाखवून आईबापांस त्यांच्याच भाषेत सांगितले, तर होकार लवकर मिळेल. मेंदूज्वरात त्या लवकर मिळालेल्या होकारालाच सारे मोल आहे.