चिठ्ठी आणि चार पैसे

पैसा एकटा क्वचितच प्रवास करतो. त्याच्यासंगें कांहीं तरी निरोप असतोच. मुंबईच्या गिरणगांवांतून कोंकणांत अथवा घांटावर जाणारी मनीऑर्डर ज्यांनीं पाहिली आहे, त्यांना हें निराळें सांगावयास नको. आपल्या देशांत मनीऑर्डरची पद्धति इ. स. १८८० मध्यें सुरू झाली. तिच्या फॉर्मला निरोपासाठीं एक लहानशी चिठ्ठी जोडलेली असे. बाळाची फी, म्हातारीचें औषध, गळक्या छपराचीं कौलें, एवढा सारा संसार त्या चार बोटें कागदावर मावत असे. पोस्टमन पडवींत टेके, वाचतां न येणाऱ्यास चिठ्ठी वाचून दाखवी, नोटा मोजून हातावर ठेवी आणि मग सही किंवा अंगठा घेई. तो अंगठा उमटलेली पोंच उलट टपालानें मुंबईस जाई, आणि ती पाहिल्यावर पाठविणाऱ्याचा जीव भांड्यांत पडे.

व्यवस्था चोख होती, पण ती लहान रकमेसाठीं नव्हती. तिच्या अलीकडच्या काळांत वीस रुपयांमागें एक रुपया असें कमिशन पडे. नातवाला खाऊसाठीं पांच रुपये पाठवावयाचे, तर रुपया कमिशनांत जाणार आणि पोस्टाच्या रांगेंत सकाळ मोडणार! तेव्हां महिन्याची रक्कम तेवढी टपालानें जाई. खाऊ, ओवाळणी, वर्गणी हे किरकोळ व्यवहार भेटीची वाट पाहत बसत. गेल्या दहा-बारा वर्षांत जो पालट झाला, तो वेगाचा, असें पुष्कळांस वाटतें. परंतु वेग तारेच्या मनीऑर्डरलाही होता. खरा पालट हा कीं, दहा रुपये पाठविणें फुकट झालें, आणि तें गप्पांच्या ओघांतच करतां येऊं लागलें.

ह्याचा मोठा प्रयोग चीन देशांत झाला. तेथें नववर्षाच्या सणाला वडील मंडळी मुलांना लाल पाकिटांत पैसे घालून देतात. त्यास होंगबाव म्हणतात. टेन्सेंट कंपनीनें २०११ सालीं वीचॅट नांवाचें निरोपांचें साधन काढलें होतें. २०१४ च्या जानेवारींत, सणाच्या तोंडावर, तिनें त्याच साधनांत लाल पाकिटाची सोय केली. एका पाकिटाची मर्यादा २०० युआन. आणखी एक गंमत तिनें योजिली. मित्रांच्या मेळ्यांत कोणी १०० युआनांचीं दहा पाकिटें टाकलीं, तर कोणास किती मिळावें हें यंत्र चिठ्ठी काढल्यासारखें ठरवी. एकाला वीस मिळत, दुसऱ्याला चिल्लर मिळे, आणि चिल्लर मिळालेल्याची थट्टा होई. थट्टेच्या नादानें सगळा मेळा जागा होई.

रकमेची भाषा तेथील लोकांना अंगवळणीं पडलेलीच आहे. चार हा आंकडा ते टाळतात, कारण त्याचा उच्चार मृत्यूच्या शब्दाजवळ जातो. आठ हा शुभ मानतात. ५२० ह्या आंकड्याचा उच्चार ‘माझें तुझ्यावर प्रेम आहे’ ह्या वाक्यासारखा ऐकूं येतो, म्हणून पांच युआन वीस पाठविणारा तरुण पांच युआन वीस पाठवीत नसतो. आपल्याकडे आहेराच्या पाकिटावर १०१ किंवा ५०१ लिहितात, त्यांतलाच हा प्रकार. वरच्या एका रुपयानें कोणाचें घर चालत नाहीं, पण तो नसला तर चुकल्यासारखें वाटतें.

२०१५ सालीं नववर्षाच्या आदल्या रात्रीं सरकारी दूरचित्रवाणीवर उत्सवाचा कार्यक्रम चालू असतां प्रेक्षकांनीं आपले फोन हालवावे आणि पाकिटें मिळवावीं अशी योजना झाली. त्या एका दिवसांत शंभर कोटींहून अधिक पाकिटें इकडून तिकडे गेलीं. कंपनीचा हेतु अर्थातच निव्वळ प्रेमाचा नव्हता. मिळालेले पैसे बँकेंत न्यावयाचे तर आपलें बँकेचें कार्ड वीचॅटला जोडणें भाग होतें, आणि लोकांनीं तें हंसत हंसत जोडलें. प्रतिस्पर्धी अलिबाबा कंपनीचे संस्थापक जॅक मा यांनीं ह्या चालीस पर्ल हार्बरच्या हल्ल्याची उपमा दिली, ती उगाच नव्हे. पुढें ह्याच पाकिटांवर जुगारही सुरू झाला. रकमेचा शेवटचा आंकडा काय येईल ह्यावर पैजा लागूं लागल्या, आणि पोलिसांना तिकडे लक्ष घालावें लागलें.

परंतु त्या पाकिटांतली एक गोष्ट खरोखर शहाणपणाची आहे. पाकीट आलें म्हणजे पैसे आपले झाले असें नाहीं. तें बोटानें उघडावें लागतें. चोवीस तासांत न उघडल्यास पैसे देणाऱ्याकडे परत जातात. ज्याला घ्यावयाचे नसतील तो एक शब्दही न बोलतां पाकीट तसेंच ठेवूं शकतो. ‘असूं द्या हो, कशाला उगीच!’ ह्या आपल्या घरगुती नकाराला तेथें यंत्रांत जागा ठेवलेली आहे.

भारतांत हा व्यवहार निराळ्या वाटेनें आला. नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशननें २०१६ च्या एप्रिलमध्यें यूपीआय ही पद्धति सुरू केली. तिच्यांत पैसा एका बँकेंतील खात्यांतून दुसऱ्या बँकेंतील खात्यांत थेट जातो. निरोप वाहणाऱ्या कंपनीच्या हातीं तो क्षणभरही राहत नाहीं. ही व्यवस्था चीनच्या मानानें अधिक निर्धोक म्हणावी लागेल. तेथें लोकांची शिल्लक कंपनीच्या बटव्यांत असे, आणि ती सगळी मध्यवर्ती बँकेकडे ठेवविण्यास २०१९ साल उजाडलें. व्हॉट्सॲपनें २०१८ च्या फेब्रुवारींत सुमारें दहा लाख लोकांपुरता प्रयोग केला. त्याच एप्रिलांत रिझर्व्ह बँकेनें हिशेबाची सर्व माहिती देशांतच ठेवण्याचा दंडक घातला, आणि सार्वत्रिक परवानगी लांबली. ती २०२० च्या नोव्हेंबरमध्यें मिळाली, तीही प्रथम दोन कोटि लोकांपुरती. ही मर्यादा वाढत वाढत २०२४ च्या डिसेंबरअखेर पूर्णपणें उठली.

लोक मात्र तोंवर थांबले नाहींत. दुसऱ्या एखाद्या ॲपनें पैसे पाठवावे, फोनच्या पडद्यावर उमटलेल्या पावतीचें चित्र काढावें आणि तें व्हॉट्सॲपवर निरोपासह टाकावें, अशी युक्ति त्यांनीं आपली आपणच काढली. भाऊबिजेला पुण्याच्या भावाचे ५०१ रुपये अमेरिकेंत गेलेल्या बहिणीच्या येथल्या खात्यांत पडतात, आणि पाठोपाठ हिरव्या खुणेचें चित्र व ‘ताई, ओवाळणी’ एवढा मजकूर जातो. चहाचे दहा रुपये, सोसायटीच्या गणपतीची वर्गणी, रिक्षांत निम्मे निम्मे झालेले चाळीस, सर्वांची हीच तऱ्हा.

येथें एक उलटापालट झाली आहे, आणि तिच्याकडे फारसें कोणाचें लक्ष गेलेलें नाहीं. मनीऑर्डरची पोंच घेणारा देत असे. आतां पोंचेचें चित्र देणाराच पाठवितो. घेणाऱ्याला कांहींच करावें लागत नाहीं. सही नाहीं, अंगठा नाहीं, पाकीट उघडणें नाहीं. पैसा त्याच्या खात्यांत आपोआप जाऊन पडतो, त्याला हवा असो वा नसो. ह्यामुळें काम झटपट होतें हें खरें. पण चुकीच्या क्रमांकावर गेलेली रक्कम बँक परस्पर ओढून आणूं शकत नाहीं. ती ज्याच्या खात्यांत पडली त्याच्या संमतीची वाट पाहावी लागते.

दुसरें संकट ह्याहून मोठें. पैसे घेतांना आपल्याला कांहीं तरी करून द्यावें लागतें, ही समजूत शंभर-सव्वाशें वर्षांच्या सह्या-अंगठ्यांनीं लोकांच्या हाडीं खिळली आहे, आणि लबाडांनीं नेमकी तीच हेरली. समजा, एका सेवानिवृत्त गृहस्थानें जुनें कपाट विकावयास काढलें. त्याला निरोप येतो, ‘पैसे पाठविले आहेत, सोबतचें चौकटीचें चित्र स्कॅन करा आणि पिन टाका, म्हणजे जमा होतील.’ गृहस्थाला त्यांत वावगें वाटत नाहीं. पोस्टमनच्या पुढ्यांत त्याच्या आईनें अंगठा उठविला होता, तसाच हा पिन! प्रत्यक्षांत यूपीआयचा पिन केवळ पैसे देतांना लागतो, घेतांना कधींही लागत नाहीं. त्यानें तो टाकला कीं जमा व्हावयाचे पैसे खात्यांतून निघून जातात. पैसे मागण्याच्या विनंतीचाही असाच दुरुपयोग होऊं लागला. म्हणून माणसामाणसांतील अशा विनंतीवर २०१९ सालीं २,००० रुपयांची मर्यादा आली, आणि १ ऑक्टोबर २०२५ पासून ती सोय बंदच करण्यांत आली. हा निर्णय उशिरा झाला. पण झाला हें बरें.

निरोपांतून होणारी तिसरी फसवणूक अधिक जिव्हारीं लागते, कारण ती आप्ताच्या नांवानें होते. कोणा भाच्याकडून त्याच्या व्हॉट्सॲपचा सहा आंकड्यांचा संकेत गोड बोलून काढून घेतात, आणि मग त्याच्याच खात्यावरून, त्याच्याच फोटोखालीं, ‘मामा, अडचणींत आहें, पांच हजार पाठवा, उद्यां देतों’ असा मजकूर सगळ्या नातेवाइकांना जातो. मामानें आधीं भाच्याला साधा फोन करून आवाज ऐकावा, हाच त्यावर इलाज. पैसे गेलेच तर १९३० ह्या सरकारी क्रमांकावर तांतडीनें कळवावें. रक्कम पुढच्या खात्यांतून निघून जाण्यापूर्वीं अडविली तरच ती हातीं लागण्याची आशा असते. पावतीच्या चित्रालाही भुलूं नये. तें खोटें बनवितां येतें, आणि भाजीवाल्यापासून औषधवाल्यापर्यंत अनेकांनीं त्याचा अनुभव घेतला आहे. आपल्या खात्याची नोंद पाहावी. दुकानांत रक्कम बोलून दाखविणारी पेटी ठेवतात ती ह्याचसाठीं.

यंत्रांतून गेलेली पोंच लोकांनीं मात्र आपल्या परीनें परत आणली आहे. नव्या क्रमांकावर मोठी रक्कम पाठवावयाची असली म्हणजे पुष्कळ माणसें प्रथम एकच रुपया पाठवितात आणि फोन करून विचारतात, ‘आला का?’ पलीकडची व्यक्ति खातें उघडून पाहते, रुपया कोणाच्या नांवानें आला तें वाचून दाखविते, आणि ‘आला, आला’ असें म्हणते. मग बाकीचे जातात.